टूर प्रोग्रॅममध्ये नसलेला पाडा : राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोग, नवी दिल्ली

महोदय, महोदया,

मी निवृत्त ग्रामसेवक आहे. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या डोंगरात गेली. मी स्वतः पावरा आदिवासी. सरकारी दौऱ्यांबद्दलचं हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण सरकारशी मी आयुष्यभर याच भाषेत बोललो. आईशी या भाषेत बोललो असतो तर तिला निम्मं कळलं नसतं. भाषेची गोष्ट पुढे येणारच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

नोकरीत मी किती दौरे 'लावले' याचा हिशेब ठेवलेला नाही. आमच्याकडे दौरा होत नाही, दौरा लावावा लागतो. आधी फॅक्सवर, पुढे व्हॉट्सॲपवर टूर प्रोग्रॅम यायचा. ९.३० विश्रामगृहाहून प्रयाण. १०.४५ आगमन. १०.४५ ते ११.१५ लाभार्थ्यांशी संवाद. ११.१५ अंगणवाडी भेट. १२.०० ते २.०० राखीव. 'राखीव' म्हणजे जेवण, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रोग्रॅम आला की तालुक्याचा फोन यायचा आणि मग चार दिवस गावात जी कामं व्हायची ती एरवी चार वर्षांत होत नसत. खड्ड्यांत मुरूम पडायचा. हापशाला वॉशर बसायचं. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता नव्याने रंगायचा. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा ओढायच्या, त्याही पाहुण्यांच्या गाड्या जिथपर्यंत येणार तिथपर्यंतच. शेवटची रेघ जिथे संपायची तिथून पुढचे पाडे त्या दिवसापुरते नकाशावर नसायचे.

लाभार्थीही मीच निवडायचो. वरून सूचना ठरलेली असायची: बोलका असावा, पण आगाऊ नको. घरकुल मिळालेला एक, बचत गटाची एक बाई, शिष्यवृत्ती मिळालेली एक मुलगी. त्यांना आदल्या दिवशी बसवून काय विचारतील आणि काय सांगायचं हे घोटून घ्यायचं. मी हे करायचो, आणि चांगलं करायचो. माझ्या गोपनीय अहवालांत त्याबद्दल चांगले शेरेही आहेत.

एकदा पाहुण्यांसाठी ढोल हवे होते, आणि त्याबरोबर होळीतला बावाचा वेषही हवा असं वरच्यांनी कळवलं. मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, घुंगरू. दिवस पावसाळ्याचे. गावातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, अरे, हा नवसाचा वेष, पाळणी पाळल्याशिवाय अंगावर चढत नाही. तुझ्या साहेबाला होळीला बोलाव. मी वर कळवलं की वेष उपलब्ध नाही. वरून उत्तर आलं, भाड्याने बघा. शेवटी शहाद्याहून कुणीतरी रंगीत फेटे आणले आणि आश्रमशाळेच्या पोरांच्या डोक्यावर चढवले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'पारंपरिक पद्धतीने स्वागत' असं छापून आलं.

हे गमतीत सांगतो आहे, पण ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ती गोष्ट गमतीची नाही.

काही वर्षांपूर्वी बाहेरून एक पथक आलं होतं. कुणाचं, ते लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती. त्यांच्यातल्या एका बाईंनी चुन्याची रेघ ओलांडून पुढे चालायला सुरुवात केली, आणि आमची धावपळ झाली. नदीकाठच्या पाड्यावरची एक म्हातारी सकाळीच डोंगर उतरून येऊन झाडाखाली बसली होती. ती आमच्या यादीत नव्हती. त्या बाई तिच्यासमोर जाऊन मातीत बसल्या आणि म्हणाल्या, यांना बोलू दे. दुभाषा म्हणून मला पुढे केलं. मागे वरचे साहेब उभे होते.

म्हातारी दहा मिनिटं बोलली. तिच्या बोलण्याचा मतलब असा होता: नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिचं शेत बुडालं नाही. शेत उंचावर होतं. बुडाली ती शेताकडे जाणारी वाट, खालचा नाला, त्याच्या काठची चराई आणि वाटेवरची तीन घरं, म्हणजे शेजार. शेताच्या तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला कडा. मोजणीवाले आले, त्यांनी शेत पाहिलं, कोरडं आहे म्हणाले आणि कागदावर 'बाधित नाही' असं लिहून गेले. नवरा दोनदा तालुक्याला गेला, एकदा जिल्ह्याला. तिसऱ्या पावसाळ्यात तो डोंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, शेतावर जाताना गेला. ती म्हणाली, जमीन माझी आहे, पण मी तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. मग ती कुणाची आहे ते मला लिहून द्या.

साहेब मागून हळूच म्हणाले, थोडक्यात सांगा, वेळ नाही.

मी सांगितलं, "त्या म्हणताहेत, रस्त्याची मागणी आहे."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. म्हातारीच्या हातावर हात ठेवला. गाड्या निघाल्या.

वर्षभराने त्या भेटीचा अनुपालन अहवाल भरायला माझ्याकडेच आला. रकाना: मागणी, पाड्यासाठी रस्ता. संबंधित विभागाचा अभिप्राय: सदर पाडा बुडित क्षेत्रात येत असल्याने रस्ता अनुज्ञेय नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं. जमिनीच्या कागदावर म्हातारी बुडितात नव्हती, रस्त्याच्या कागदावर होती. आणि या दोन कागदांच्या मध्ये माझं एक वाक्य होतं. मी 'कार्यवाही पूर्ण' वर खूण केली आणि कागद पुढे पाठवला. ग्रामसेवक दुसरं काय करणार, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आज नोकरी नाही, पेन्शन सुरू झाली आहे, म्हणून धीर आलाय असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

आता तुमच्याकडे येतो.

तुमच्याकडे काय काय आहे हे मी निवृत्तीनंतर निवांत वाचलं. राज्यघटनेचं कलम ३३८-क. २००३ च्या ८९ व्या घटनादुरुस्तीने ते आलं आणि २००४ च्या फेब्रुवारीत तुमचा आयोग स्वतंत्रपणे उभा राहिला. एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, तीन सदस्य. देशातल्या दहा कोटी त्रेचाळीस लाख माणसांसाठी, आणि ही संख्याही २०११ च्या जनगणनेची. तुम्हाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणालाही समन्स काढून बोलावू शकता, शपथेवर जबाब घेऊ शकता, कुठल्याही कचेरीतून कागद मागवू शकता. एक ग्रामसेवक म्हणून सांगतो, तालुक्याच्या कचेरीतून एक नक्कल मिळवायला माणसाच्या किती फेऱ्या होतात हे ज्याने पाहिलंय त्याला तुमचे हे अधिकार वाचून गहिवरून येतं. पण ते वापरलेले मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिले नाहीत. मी पाहिले ते सत्कार, आढावा बैठका आणि सूचना देऊन झालेलं प्रस्थान.

संसदेच्या सामाजिक न्याय आणि सबलीकरणाच्या स्थायी समितीने मार्च २०२२ मध्ये तुमच्याबद्दल लिहिलं की हा आयोग गेली चार वर्षं निष्क्रिय आहे आणि त्याने संसदेला एकही अहवाल दिलेला नाही. कारण काय, तर माणसं नाहीत आणि पैसा नाही. सरकारी भाषेत आमच्याकडे एक शब्द आहे, 'निरंक'. महिन्याच्या पत्रकात सांगण्यासारखं काही नसलं की तो लिहायचा. मीही शेकडो वेळा लिहिलाय. पण चार वर्षं निरंक? त्या चार वर्षांत, २०१९ च्या सप्टेंबरात, सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. ते पाणी आमच्या डोळ्यांदेखत चढलं.

तुमच्या आयोगाचा पूर्वज वेगळा होता, हेही याच निवांतपणात कळलं. पूर्वी घटनेच्या ३३८ व्या कलमाखाली एकच विशेष अधिकारी असायचा, अनुसूचित जाती-जमातींचा आयुक्त. डॉ. ब्रह्मदेव शर्मा हे त्यातले शेवटचे. त्यांचा २९ वा अहवाल आजही लोक काढून वाचतात. सरकारी अहवाल तीस-पस्तीस वर्षांनी कुणी काढून वाचतं ही गोष्टच मला नवलाची वाटते. मी लिहिलेली इतिवृत्तं मी स्वतःसुद्धा पुन्हा वाचली नसती.

आणि आमच्या खोऱ्याने तर खराखुरा अधिकृत दौरा पाहिलाय. मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावं त्या बुडितात येत होती. मणिबेली त्यातलं अगदी पहिलं. लोक हटले नाहीत, बाहेर गवगवा झाला, आणि १९९१ मध्ये बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष आणि थॉमस बर्जर उपाध्यक्ष. मोर्स हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. म्हणजे आपल्या विश्रामगृहात ज्यांच्यासाठी दोन सूट राखून ठेवावे लागतील असा माणूस. पण ही मंडळी तिन्ही राज्यांतल्या खोऱ्यात गावोगाव फिरली. जून १९९२ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्या पद्धतीने हे काम चाललंय त्यात सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही, आणि बँकेने पाऊल मागे घ्यावं. ज्या बँकेने नेमलं तिलाच हे सांगितलं. पुढच्या वर्षी मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं, आणि त्याच वर्षी बँकेने कायमचं तपासणी मंडळ उभं केलं. धरण थांबलं नाही, हे मला माहीत आहे; त्याचं पाणी मी रोज पाहतो. पण त्या अहवालामुळे काय खरं आणि काय दाखवायचं याची कागदावर कायमची फारकत झाली. ती आजही कुणाला मिटवता आलेली नाही.

बर्जर यांच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्यासाठी त्यात घेण्यासारखं आहे. ते कॅनडातले न्यायाधीश. १९७४ मध्ये त्यांना तिथल्या उत्तरेत मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या गॅस पाइपलाइनची चौकशी करायला सांगितलं. यलोनाइफ शहरात तज्ज्ञांच्या औपचारिक सुनावण्या झाल्या, पण ते तिथेच दरबार भरवून बसले नाहीत. डेने, इन्युइट अशा तिथल्या आदिवासी लोकांच्या ३५ वस्त्यांवर ते स्वतः गेले, सभागृहांत बसले, घरांत बसले, मासेमारीच्या तळांवर बसले. जवळपास एक हजार माणसांनी साक्ष दिली. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत तो बोलला, दुभाषे सोबत होते, आणि रोज काय झालं ते तिथल्या आदिवासी भाषांतून रेडिओवर लागायचं. म्हणजे या वस्तीवर काल कोण काय बोललं हे पलीकडच्या वस्तीला आज कळायचं, आणि दुभाष्याने एखादं वाक्य गिळलं तर ऐकणारं कुणीतरी असायचं. हे शेवटचं कळलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. माझ्या त्या एका वाक्यावर असा रेडिओ असता तर? १९७७ मध्ये बर्जर यांनी सांगितलं की आधी लोकांचे जमिनीचे हक्क मिटवा, दहा वर्षं पाइपलाइनला हात लावू नका. ती पाइपलाइन त्या खोऱ्यातून आजतागायत गेलेली नाही. आणि हाच माणूस पुढे आमच्या नर्मदेकाठी आला होता.

मग प्रश्न पडतो की बाहेरच्या माणसाने येऊन पाहण्याची सोय आज आहे का. आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००१ मध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी एक विशेष प्रतिवेदक, म्हणजे देशोदेशी जाऊन पाहून अहवाल देणारा स्वतंत्र तज्ज्ञ, नेमायला सुरुवात केली. पहिले मेक्सिकोचे रोडोल्फो स्टावेनहागेन, मग जेम्स अनाया, मग फिलिपिन्सच्या व्हिक्टोरिया तौली-कॉर्पुझ, मग ग्वाटेमालाचे फ्रान्सिस्को काली त्साय, आणि २०२५ पासून काँगोचे अल्बर्ट बारुमे. यांना पगार नसतो. सरकारने बोलावलं तरच अधिकृत भेट होते. पण बोलावताना सरकारला काही अटी मान्य कराव्या लागतात: कुठेही मोकळेपणाने जाता येईल, लोकांशी सरकारी माणसाच्या गैरहजेरीत बोलता येईल, आणि जो बोलला त्याला नंतर त्रास होणार नाही. या तीन अटी मी वाचल्या आणि माझ्या मागे उभे असलेले साहेब आठवले. भेटीच्या शेवटी त्याच देशात पत्रकारांपुढे निवेदन करतात, मग जिनिव्हात मानवी हक्क परिषदेपुढे अहवाल ठेवतात, आणि सरकारचं म्हणणंही त्याला जोडलं जातं. गुपचूप काही नाही.

१३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आदिवासी हक्कांचा जाहीरनामा मताला आला. १४४ देश बाजूने, ४ विरोधात, ११ तटस्थ. विरोधातले चार म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. भारत बाजूने. आता गंमत बघा. त्या विरोधातल्या चारही देशांत हे प्रतिवेदक अधिकृतपणे जाऊन आलेत. न्यूझीलंडला २००५ आणि २०१०, ऑस्ट्रेलियाला २००९ आणि २०१७, अमेरिकेला २०१२ आणि २०१७, कॅनडाला तर तीनदा, २००४, २०१३ आणि २०२३. बाजूने मत देणाऱ्या भारतात एकदाही नाही. शेजारी नेपाळने २००८ मध्ये बोलावलं. आपण २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या विषयांवरच्या प्रतिवेदकांना कायमचं निमंत्रण जाहीर केलंय. लग्नपत्रिका दाराला लावली, पण मांडवात या पाहुण्याचं पान काही मांडलं नाही.

सरकारचं म्हणणं मला ठाऊक आहे. भारतात सगळेच मूळचे, त्यामुळे 'मूलनिवासी' हा शब्द आपल्याला लागू नाही. हा वाद मला पेलणारा नाही, पंडितांनी करावा. दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, धडगावात मिरवणूक निघते, तिला तहसीलदार येतात, आमदार येतात, पोलीस बंदोबस्त देतात. त्या दिवशी आम्ही आदिवासी असतो. १० ऑगस्टला जिनिव्हाचा विषय निघाला की आम्ही सगळ्यांसारखेच मूळचे होतो. एवढंच मला दिसतं.

बाहेरचे आले की सरकारला बोचतं, हेही दिसतं. २०१७ मध्ये पाणी आणि स्वच्छतेचे प्रतिवेदक लिओ हेलर भारतात दोन आठवडे फिरले. स्वच्छ भारतच्या चिन्हातल्या गांधीजींच्या चष्म्याजागी मानवी हक्कांची भिंगं हवीत, अशा अर्थाचं ते बोलले, आणि राष्ट्रपित्याचा अनादर झाला म्हणून सरकार खवळलं. शौचालयांचा मुद्दा बाजूलाच राहिला. ग्रामसेवक म्हणून शौचालयांचे फोटो मीही अपलोड केलेत, त्यामुळे भिंगाचा मुद्दा मला लगेच कळला होता. आणि हे काम किती सुखाचं असतं ते बघायचं तर तौली-कॉर्पुझबाईंकडे बघा. २०१८ मध्ये त्यांच्याच देशाच्या सरकारने दहशतवाद्यांच्या म्हणून कोर्टात दिलेल्या यादीत त्यांचं नाव घातलं होतं. पुढे कोर्टाने ते काढायला लावलं. जगाची प्रतिनिधी असलेल्या बाईची ही गत, तर झाडाखाली बसलेल्या म्हातारीने किती आणि कुणासमोर बोलावं?

युनोचा माणूस आला की डोंगरातून गंगा उतरेल असं मला वाटत नाही. कॅनडात तीनदा गेले म्हणून तिथलं सगळं सुरळीत झालेलं नाही. शिवाय ते अहवाल लिहितात इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये. पण एकाच देशात पुन्हा जातात, आणि मागच्या वेळी जे सांगितलं त्याचं काय झालं हे विचारतात, ही त्यांची गोष्ट मला पटते. माझ्या एकतीस वर्षांत एकच पथक त्याच गावात दुसऱ्यांदा आलेलं मी पाहिलं नाही. दर वेळी नवी माणसं, नवे प्रश्न, त्याच खुर्च्या.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक मोठी, ती लवकर उरकतो. आदिवासींविषयीच्या मोठ्या धोरणात केंद्राने आणि राज्यांनी तुमचा सल्ला घ्यावा असं ३३८-क च्या नवव्या खंडात लिहिलंय. तर सल्ला द्या की आदिवासी हक्कांच्या प्रतिवेदकांना भारतात अधिकृत भेटीची तारीख द्यावी. त्यांच्याबरोबर तुमचाही माणूस हिंडू द्या. त्यांच्या डोळ्यांना जे दिसेल ते तुम्हालाही दिसेल.

दुसरी मागणी तुमच्या स्वतःच्या दौऱ्याबद्दल, आणि तिच्यासाठी संसदेत जायला नको, मंत्रालयात जायला नको. त्याच कलमाच्या चौथ्या खंडाने आयोगाची कार्यपद्धती ठरवायचा अधिकार आयोगालाच दिलाय.

दौऱ्याचं कळवायचं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवाच, पण ग्रामसभेलाही कळवा, तीन आठवडे आधी, आणि तिथल्या भाषेत. पावरीला लिपी नाही असं कुणी सांगेल; मोबाइलमध्ये आवाज भरून पाठवायला लिपी लागत नाही. आमच्याकडे आता सासू-सुना एकमेकींना आवाजच पाठवतात. बाजाराच्या दिवशी येऊ नका, धडगावच्या बाजारादिवशी पाड्यावर कुत्रंही सापडत नाही. ज्या गावी जाल तिथे एक रात्र राहा. शाळेच्या वर्गात झोपायची सोय होते, मी स्वतः झोपलोय. सकाळी साडेदहाला बायका एक सांगतात आणि रात्री चुलीपाशी दुसरं सांगतात, आणि रात्रीचं खरं असतं. सदस्यांपैकी बाई असेल तर तिने तेवढा वेळ एकटीने बसावं. तहसीलदार, बीडीओ, पोलीस आणि ग्रामसेवक यांनी त्या वेळी हापशापाशी थांबावं. आम्हाला राग येणार नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटेल.

जे ऐकाल ते बोलणाऱ्याच्या भाषेत रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच कुणाकडून, दुसऱ्या गावात बसून उतरवून घ्या. एकाच दुभाष्यावर सोडू नका. ज्यांनी साक्ष दिली त्यांच्या वनदाव्याला, रेशनकार्डाला, पोराच्या आश्रमशाळेतल्या प्रवेशाला पुढच्या वर्षभरात धक्का लागला का, हे कुणीतरी विचारत राहायला हवं. धमकी म्हणजे दर वेळी दंडुका नसतो. 'तुमची फाइल सापडत नाही' हीसुद्धा धमकी असते, आणि ती कशी देतात हे मला माहीत आहे.

आणि परत या. हे मी सगळ्यात जोरात सांगतो. सहा महिन्यांनी, वर्षाने, पण त्याच माणसांनी, त्याच गावात. ग्रामसभेत बसून, तुम्ही मागच्या वेळी काय सांगितलं, आम्ही काय लिहिलं आणि सरकारने काय उत्तर दिलं, हे तिघांचं तीन वेगळं करून वाचून दाखवा. ज्या दिवशी ते 'रस्त्याची मागणी' हे वाक्य त्या म्हातारीपुढे तिच्या भाषेत वाचलं गेलं असतं, त्या दिवशी ती उठून म्हणाली असती, हे मी बोललेच नाही. ग्रामसभेसमोर ते बोलणं नोंदलं गेलं असतं आणि मी अडकलो असतो. मी अडकायला हवा होतो.

हे आपल्या देशात होत नाही असं नाही. ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये झालंय. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी का नको हे ग्रामसभांना विचारा, आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक समोर बसवा. बारा गावांत ग्रामसभा झाल्या. डोंगरिया कोंधांच्या वस्त्यांवर न्यायाधीश गेले, झाडाखाली बसले, लोक बोलले, नोंद झाली. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं, आणि केंद्राला खाण नाकारावी लागली. न्यायाधीश डोंगर चढू शकतात, मग सदस्यांना कसली अडचण? गडचिरोलीत मेंढा-लेखाचे लोक चाळीस वर्षं म्हणताहेत की दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. दिल्लीतल्या सरकारने गावातल्या सरकारला भेटायला यायचं तर निदान त्याला आधी विचारून यावं, एवढी रीत तर आपण पाहुण्याकडूनही धरतो.

तुमच्या सहा विभागीय कार्यालयांपैकी महाराष्ट्रात एकही नाही. तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत कुठल्या टेबलावरून जाईल कुणास ठाऊक. कुणीतरी त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून ते नंदुरबारला पाठवेल, तिथून धडगावला येईल, आणि धडगावहून माझ्याच जुन्या ग्रामपंचायतीत, माझ्या जागी आलेल्या पोराकडे. त्या पदाचं नाव आता बदललंय म्हणतात, पण कामं तीच. त्याला माझी विनंती आहे: 'निरंक' लिहू नकोस.

यायचं ठरवलंत तर दिवाळी उलटून गेल्यावर या. पावसात चांदसैलीच्या घाटात दरड पडते आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यामुळे काठाला गुडघाभर गाळ असतो. गाडी शेवटच्या गावापर्यंत येईल. पुढे तास-दीड तास उतार, मग डोंगी. तो पाडा अजून आहे. म्हातारी आहे, आता तिला कमी दिसतं, पण आवाज ओळखते. मला ओळखते आणि माझ्याशी बोलत नाही. मी तुम्हाला काठापर्यंत घेऊन येईन, डोंगीवाल्याशी बोलून ठेवीन. दुभाषा मात्र दुसरा आणा.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
तालुका अक्राणी, जिल्हा नंदुरबार